शब्द किती लांब?



गेल्या वर्षी दुसऱ्या सत्रात माझ्या हातून एक चूक झाली. तिच्यापासूनच सुरुवात करते, कारण या लेखातले सगळे मोजमाप त्या चुकीतून निघाले आहे.

आपल्या शाळेत वाचनाची एक नोंदवही असते. मुलाने एक मिनिट मोठ्याने वाचायचे, बाईंनी घड्याळ लावायचे आणि वाचलेले शब्द मोजून आकडा लिहायचा. मराठी, कन्नड आणि इंग्रजी असे तीन रकाने. सहावीतल्या एका मुलीचा इंग्रजीचा आकडा चांगला होता, कन्नडचा त्याहून कमी होता आणि मराठीचा सर्वांत कमी. मी शेऱ्याच्या जागी लिहिले, ‘मराठी वाचन मंद. घरी सराव घ्यावा.’

दोन दिवसांनी तिचे वडील उद्यमबागेतली पाळी संपवून थेट शाळेत आले. वही उघडून त्यांनी त्या शेऱ्यावर बोट ठेवले. म्हणाले, ‘‘बाई, घरात आम्ही मराठीच बोलतोय. इंग्लिश तिच्या कानावर पडतं ते शाळेतच. मग पोरगी मराठीतच मागं कशी काय? तसं असंल तर पुढच्या वर्षी तिला इंग्लिश मीडियमला घालू काय?’’

मला उत्तर देता आले नाही. पुन्हा एकदा वाचन घेऊन पाहते, एवढेच म्हणाले. मराठी शाळेतल्या मुलीचे दप्तर एका आकड्यावरून दुसऱ्या शाळेत जाण्याच्या बेताला आले होते आणि तो आकडा माझ्याच हातचा होता.

उत्तर सापडायला सुरुवात झाली ती एका चिनी नोटेवरून. जहाजावर नोकरी करणारा आपला एक माजी विद्यार्थी सुट्टीत शाळेत आला होता. त्याने मुलांना दाखवायला वेगवेगळ्या देशांच्या नोटा आणल्या होत्या. आपल्या नोटेच्या मागे एका चौकटीत १५ भाषांत किंमत लिहिलेली असते, त्यात चौथी कन्नड आणि आठवी मराठी, हे आपल्या मुलांना पाठ आहे. म्हणून त्यांनी चिनी नोटेच्या मागेही भाषा शोधल्या. तिथे चिनी भाषेबरोबर मंगोल, तिबेटी, उइघुर आणि झुआंग अशा चार भाषांत बँकेचे नाव असते. पहिल्या तिन्हींच्या लिप्या मुलांना अनोळखी, पण झुआंगची ओळ इंग्रजी अक्षरांत. मुलांनी ती लगेच वाचायला घेतली आणि हसू लागली. ‘‘बाई, सगळे शब्द झेडने संपतात!’’

खरेच होते. त्या ओळीत तीन शब्द आहेत आणि तिन्हींच्या शेवटी ‘झेड’ आहे. तो ‘झेड’ उच्चारायचा मात्र नसतो.

झुआंग हा चीनच्या दक्षिणेकडच्या ग्वांग्शी प्रांतातला मोठा समाज आहे. २०२० च्या जनगणनेत त्यांची संख्या सुमारे एक कोटी ९५ लाख होती. भातशेती करणारे लोक. त्यांच्या भाषेत भाताच्या शेताला ‘ना’ म्हणतात आणि त्या भागातल्या कितीतरी गावांची नावे या ‘ना’नेच सुरू होतात, जशी आपल्याकडची ‘वाडी’ने नाहीतर ‘गाव’ने संपतात. त्यांचे बहुतेक मूळ शब्द एका दमात उच्चारले जाणारे, एवढेएवढेसे. मात्र एकच उच्चार वेगवेगळ्या सुरांत काढला की अर्थ बदलतो. असे मुख्य सूर सहा. पूर्वी ही भाषा चिनी वळणाच्या चौकोनी चिन्हांत लिहीत. १९५७ साली तिच्यासाठी नवी लिपी केली, तीत सुरांसाठी खास चिन्हे होती. १९८२ च्या सुधारणेत ती चिन्हे काढून साधी रोमन अक्षरेच सुरांच्या कामाला लावली. पहिल्या सुराला काही लिहायचे नाही आणि बाकी पाचांना झेड, जे, एक्स, क्यू, एच यांपैकी एकेक अक्षर शेवटी जोडायचे. नोटेवरचा ‘झेड’ तो हा.

आता त्या ओळीतली अक्षरे मोजा. पहिल्या शब्दात ८, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात ९, म्हणजे एकूण २५. त्यांतली ६ अक्षरे नुसता सूर सांगणारी. आणि उच्चाराला? प्रत्येक शब्दाला दोनच टाळ्या. वर्गात आम्ही शब्द तोडताना टाळी वाजवतो, म्हणून मी ‘टाळी’ म्हणते. एका श्वासाच्या ठोक्यात जेवढे बोलले जाते तेवढ्याला एक टाळी. कागदावर मोजले तर झुआंग शब्द आठ-नऊ अक्षरांचा लांबलचक, तोंडाने मोजले तर दोन टाळ्यांचा आखूड. तिथे माझ्या मनात शंका आली की मी नोंदवहीत जे मोजत होते ते नेमके काय होते?

आधी आपल्याच गावाचे नाव घेऊ. पिरनवाडी. लिहिताना पि, र, न, वा, डी अशी पाच अक्षरे. आता बसच्या दारात उभा राहून कंडक्टर ओरडतो तसे म्हणा. पि-रन-वा-डी. टाळ्या चारच. मधल्या ‘न’तला ‘अ’ आपण बोलताना गिळतो. मराठीत हे सारखे होते. शब्दाच्या शेवटचा ‘अ’ तर आपण जवळजवळ नेहमीच सोडून देतो. ‘घर’ लिहितो दोन अक्षरे, बोलतो एका टाळीत.

याहून गमतीचे उदाहरण आपल्या शहराच्या नावाचे आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झाले. नावाच्या वादात हा लेख शिरत नाही, आपण फक्त मोजणार आहोत. ‘बेळगाव’ लिहा, चार अक्षरे. ‘बेळगावी’ लिहा, तीही चारच. पण मराठी माणूस बेळ-गाव म्हणतो तेव्हा टाळ्या दोन, आणि कन्नड माणूस बे-ळ-गा-वी म्हणतो तेव्हा चार. कन्नडमध्ये लिहिलेला प्रत्येक स्वर बोलला जातो, गिळला जात नाही. कागदावर सारखीच लांबी, तोंडात दुप्पट. आपली मुले कन्नड वाचताना शब्दांच्या शेपट्या खातात आणि कन्नडच्या बाईंची बोलणी खातात, त्याचे कारण आळस नव्हे. मराठीची सवय तिथे चालत नाही, एवढेच.

तेव्हा पहिली गोष्ट ठरली. लांबी सांगताना माप सांगायचे. या लेखात पुढे मी लिहिलेली अक्षरे मोजणार आहे आणि जोडाक्षर एकच धरणार आहे.

आता नोंदवहीकडे येऊ. मी एक साधे वाक्य घेतले आणि फळ्यावर लिहिले.

‘आमच्या घरासमोरच्या झाडावर पाखरे बसली आहेत.’

शब्द सहा. अक्षरे मोजली, ३ आणि ६ आणि ४, मग तीन वेळा ३. एकूण २२.

हेच हिंदीत. ‘हमारे घर के सामने के पेड़ पर चिड़ियाँ बैठी हैं.’ शब्द दहा, अक्षरे २०.

कन्नडमध्ये. ‘नम्म मनेय मुंदिन मरद मेले हक्किगळु कुळितिवे.’ शब्द सात, अक्षरे २१.

बावीस, वीस, एकवीस. तिन्ही भाषांना ती पाखरे झाडावर बसवायला जवळजवळ सारखीच अक्षरे लागली. शब्द मात्र सहा, दहा आणि सात. इंग्रजीत हेच वाक्य ‘बर्ड्स आर सिटिंग ऑन द ट्री इन फ्रंट ऑफ अवर हाउस’ असे होते, म्हणजे अकरा शब्द, आणि त्यांतले जवळजवळ सगळे एका टाळीचे.

पालकहो, आता त्या मुलीचा आकडा डोळ्यांपुढे आणा. एवढाच मजकूर वाचल्याबद्दल माझ्या वहीत तिला इंग्रजीचे अकरा मिळत होते आणि मराठीचे सहा. ती मंद नव्हती. आमच्या मोजपट्टीवरचे ‘शब्द’ नावाचे माप प्रत्येक भाषेत निराळ्या आकाराचे होते. कोणी पेंढ्या मोजून भात किती पिकले ते सांगावे, आणि एकाची पेंढी मुठीएवढी नि दुसऱ्याची कवेत न मावणारी असावी, तसा हा प्रकार.

मराठीची पेंढी मोठी का? कारण आपण बांधतो जास्त. विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये मूळ शब्दाला जोडून लिहायची, हा नियम तुम्ही व्याकरणात शिकता. ‘घरासमोरच्या’ या एका शब्दात घर आहे, त्याचे सामान्यरूप ‘घरा’ आहे, ‘समोर’ आहे आणि वर ‘च्या’ आहे. हिंदीत हे तुकडे नामापासून सुटे लिहितात, मात्र सर्वनामाला जोडतात. ‘घर को’ सुटे, ‘उसको’ एकत्र. असे का, तर वहिवाट. उद्या कोणी मराठीतही ‘घरा समोरच्या’ असे तोडून लिहायचे ठरवले, तर भाषेत काडीचाही बदल न होता शब्दांची सरासरी लांबी कमी होईल.

आणखी एक उदाहरण मला फार आवडते. ‘घरातल्यांनाही’ हा मराठीत एक शब्द आहे आणि त्यात सहा अक्षरे आहेत. कन्नडमध्ये ‘मनेयवरिगू’, एकच शब्द आणि सहा अक्षरे. हिंदीत ‘घर वालों को भी’, चार शब्द, आणि अक्षरे पुन्हा सहाच! मराठी आणि हिंदी एका कुळातल्या, कन्नड द्राविड कुळातली, हे आपण शिकतो. पण शब्द बांधण्याच्या बाबतीत मराठी इथे हिंदी बहिणीपेक्षा कन्नड शेजारणीसारखी वागते. घरात मराठी आणि दारात कन्नड बोलणाऱ्या आपल्या मुलांना या बांधणीची सवय दोन्हीकडून लागते, हा त्यांचा फायदा आहे. तो कोणी त्यांना सांगत नाही.

झुआंगमध्येही हा जोडण्या-तोडण्याचा प्रश्न आहेच. त्यांच्याकडे प्राण्याच्या नावाआधी ‘दु’ आणि झाडाच्या नावाआधी ‘गो’ अशा अर्थाचा छोटा शब्द येतो. ‘मा’ म्हणजे कुत्रा. तो पुष्कळदा ‘दुमा’ असा जोडून लिहितात. जोडला तर दोन टाळ्यांचा शब्द, तोडला तर एकेका टाळीचे दोन. मोजणाऱ्याने आधी ठरवले नाही तर त्याचा तक्ता चुकणारच.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्यासाठी कामाचा भाग. वही-पेन्सिल घ्या. मराठीत एकपासून शंभरपर्यंत अंक अक्षरी लिहा आणि प्रत्येकाची अक्षरे मोजा. मी मोजली आहेत, पण माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः मोजा.

पहिल्याच दहांत एक गंमत दिसेल. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा. सगळे दोन अक्षरी! एकही कमी नाही, एकही जास्त नाही. इतकी वर्षे पाढे शिकवून हे माझ्या लक्षात आले नव्हते. टाळ्या वाजवल्या तर फक्त सहा, नऊ आणि दहा यांना दोन लागतात, बाकी सातांना एकेक.

पूर्ण शंभरांचा हिशेब असा निघतो. एक अक्षरी शब्द एकही नाही. दोन अक्षरी १८, तीन अक्षरी २९, चार अक्षरी ३५, पाच अक्षरी १४ आणि सहा अक्षरी फक्त ४. बेरीज शंभर. सगळी अक्षरे मिळून ३५७, म्हणजे सरासरी साडेतीनच्या किंचित वर. चौकटीच्या कागदावर उभे खांब काढलेत तर मध्ये उंच आणि दोन्हीकडे उतरती अशी टेकडी दिसेल.

सहा अक्षरांचे चार कोण? एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसत्तर आणि एकोणनव्वद. चारही ‘एकोण’वाले. एक कमी आहे हे सांगण्यासाठी तीन अक्षरे खर्च होतात. नव्याण्णवला मात्र आपण एकोणशंभर म्हणत नाही, म्हणून तो चार अक्षरांत सुटला. आणि दशक पाहा. वीस, तीस, साठ, ऐंशी दोन अक्षरी, चाळीस, पन्नास, सत्तर, नव्वद आणि शंभर तीन अक्षरी. आजूबाजूच्या आकड्यांपेक्षा आखूड. बाजारात पन्नास आणि साठ दिवसातून कितीदा तोंडी येतात आणि एकोणसत्तर किती वेळा, याचा विचार करा.

याच आकड्यांवरून २०१९ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात मोठा वाद झाला होता. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात एकवीस या वाचनाबरोबर ‘वीस एक’ असेही वाचन दिले होते. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर होत्या. त्यांचे म्हणणे, दक्षिणेतल्या भाषांत आणि इंग्रजीत दशक आधी बोलतात आणि एकक नंतर, तसे म्हटले तर लहान मुलांना सोपे जाते. विरोध करणारे म्हणाले, भाषेची मोडतोड होते. आपल्याकडे कर्नाटकाची पुस्तके चालतात, त्यामुळे तो वाद आपण लांबूनच पाहिला. पण दोन्ही पद्धती रोज कानावर पडणारी मुले आपलीच आहेत.

त्र्याण्णव घ्या. तीनच अक्षरे, पण ‘त्र्या’ आणि ‘ण्ण’ यांवर जीभ अडते, आणि ऐकताना तीन आधी येतो तर लिहिताना नऊ आधी. कन्नडमध्ये ‘तोंबत्तमूरु’, पाच अक्षरे. शब्द लांब, पण नव्वद आणि तीन सरळ ओळीने उभे. झुआंगमध्ये तर ‘नऊ-दहा-तीन’ अशा अर्थाचे तीन ठोके, की झाला त्र्याण्णव. आपल्या पूर्वजांनी आकडे घासून घासून आखूड केले. त्याची किंमत दुसरीतले मूल भरते, कारण त्याला शंभर शब्द जवळजवळ सुटे सुटे पाठ करावे लागतात. कन्नड मुलाला तेवढे पाठांतर लागत नाही, त्याला बोलायला थोडी जास्त हवा लागते. माझे मत विचाराल तर त्र्याण्णव सोडू नये, पण ‘नव्वद आणि तीन’ असा पूल बांधून तिथपर्यंत न्यावे. आपल्या वर्गात कन्नड आकडे हाच तो पूल आहे.

शब्दांची लांबी मोजण्याचा हा उद्योग आपणच काढला असे नाही. थॉमस मेंडेनहॉल नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १८८७ साली डिकन्स, थॅकरे अशा लेखकांच्या पुस्तकांतले शब्द मोजून दोन अक्षरी किती, तीन अक्षरी किती अशा आकृत्या काढल्या. प्रत्येक लेखकाची टेकडी निराळी असते आणि तिच्यावरून लेखक ओळखता येईल, अशी त्याची कल्पना होती. पुढे १९०१ साली शेक्सपिअरची नाटके बेकनने लिहिली का, या वादात त्याने हीच युक्ती लावली. मोजायला दोन बाया बसवल्या होत्या. त्यांनी सुमारे वीस लाख शब्द हाताने मोजले! शेक्सपिअरमध्ये चार अक्षरी शब्द सर्वांत जास्त निघाले, बेकनमध्ये तीन अक्षरी. अर्थात एकाने नाटके लिहिली आणि दुसऱ्याने निबंध, तेव्हा फरक लेखकाचा की लेखनप्रकाराचा, हे त्या टेकड्या सांगू शकत नाहीत. तरी त्या दोघींच्या चिकाटीपुढे आपले शंभर आकडे काहीच नाहीत.

नंतर हार्वर्ड विद्यापीठातल्या जॉर्ज झिफ यांनी १९३५ च्या आपल्या पुस्तकात असे मांडले, की जो शब्द जास्त वापरला जातो तो आखूड असतो, आणि वापर वाढला की लांब शब्दही आखूड होतो. पटते का पाहा. आहे, आणि, तो, ती, मी, पण, तर, का. दिवसभरात हजारदा येणारे शब्द एक-दोन अक्षरांचे. ग्रामपंचायतीची नुसती पंचायत झाली. महाराष्ट्र एकीकरण समितीला आपण म. ए. समिती म्हणतो, आणि घाईत नुसती समिती. कंग्राळी बुद्रुकची बी. के. कंग्राळी झाली. पुस्तकातल्या ‘काय करत आहेस’ मधल्या शेवटच्या दोन शब्दांचा आपल्या तोंडी ‘काय करायलास’ असा एकच शब्द होतो, अक्षरे सहाची पाच होतात. पुण्या-मुंबईचे पाहुणे याला हसतात, त्यांना झिफचा नियम सांगा.

आता गावांची नावे. बेळगावच्या आसपासची चोवीस नावे मी फळ्यावर लिहिली. मच्छे दोन अक्षरी. देसूर, नावगे, किणये, येळ्ळूर, धामणे, सुळगा, कडोली, सांबरा, मुतगा आणि हलगा तीन अक्षरी. अनगोळ, मजगाव, वडगाव, शहापूर, उचगाव, हिंडलगा, बेळगुंदी आणि कुद्रेमानी चार अक्षरी. पिरनवाडी, खादरवाडी आणि हुंचेनहट्टी पाच अक्षरी, तर झाडशहापूर आणि संतिबस्तवाड सहा अक्षरी. १, १०, ८, ३, २. पुन्हा टेकडी, पण ही एकीकडे खडी आणि दुसरीकडे लांब उतरती. लांब नावे लांब का, तेही दिसते. शहापूर एक आहे म्हणून दुसऱ्याला झाडशहापूर म्हणावे लागते. ओळख पटवायची तर अक्षरे खर्चावी लागतात. आणि पिरनवाडी नि हुंचेनहट्टी शेजारी शेजारी, एकीच्या शेवटी मराठी ‘वाडी’, दुसरीच्या शेवटी कन्नड ‘हट्टी’, दोन्हींचा अर्थ छोटी वस्ती, आणि दोन्ही नावे पाच पाच अक्षरांची.

विश्वस्त मंडळींसाठी एक विनंती आहे. वाचनाच्या नोंदवहीत ‘मिनिटाला शब्द’ हा रकाना मराठी आणि कन्नडसाठी बंद करून ‘मिनिटाला अक्षरे’ असा करावा, आणि एका भाषेचा आकडा दुसऱ्या भाषेच्या आकड्याशी ताडून पाहूच नये. मुलाचा जूनचा आकडा त्याच भाषेतल्या त्याच्याच डिसेंबरच्या आकड्याशी ताडावा. अक्षरांचे मापही निर्दोष नाही. ‘न’ एक अक्षर आणि ‘त्र्या’ही एकच, पण मुलाची दमछाक होते ती ‘त्र्या’वर. तरीही शब्दांपेक्षा ते बरे. छापील उतारे एकदा मोजून समासात अक्षरांचा आकडा लिहून ठेवला, तर शिक्षकांचे काम वाढत नाही. सहावीचे सहा उतारे मी मोजून ठेवले आहेत.

पालकांनी घरी एवढेच करावे. मूल लांब शब्दावर अडले की शब्द सांगून टाकू नये. शेपटीवर बोट ठेवून आधी घर वाचू द्यावे, मग बोट सरकवत घरा, घरासमोर, घरासमोरच्या. कन्नडमध्ये मने, मनेय, मनेयवरिगू. दोन्ही भाषांत बोट एकाच दिशेने सरकते.

त्या मुलीचे वाचन मी पुन्हा घेतले, अक्षरे मोजून. ती वर्गाच्या मध्यावर होती, किंचित वरच. वडिलांना बोलावून दोन्ही आकडे दाखवले आणि त्यांच्यासमोर जुना शेरा खोडला. त्यांनी फळ्यावरचे पाखरांचे वाक्य तिन्ही भाषांत स्वतः मोजून पाहिले, दोनदा. मुलगी आता आपल्याच शाळेत सातवीत आहे. मात्र त्याच वर्गातला एक मुलगा अक्षरांच्या मापानेही मागेच राहिला. त्याची अडचण खरी आहे, जोडाक्षरांची आहे, आणि शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघे त्यावर बसतो. आधीच्या वहीत ही दोन्ही मुले एकाच शेऱ्याखाली होती.

गावांचा तक्ता सातवीच्या वर्गाबाहेर लावला आहे. त्यात मच्छे एकटेच दोन अक्षरांच्या रकान्यात होते. परवा मधल्या सुट्टीत कोणीतरी पेन्सिलीने त्याच्या शेजारी ‘कर्ले’ लिहून गेले आहे. बरोबर आहे, ते नाव माझ्याकडून राहिले होते. ज्याने लिहिले त्याने येऊन आता ते पेनाने लिहावे.